समासातल्या गोगलगायी

चिलखत घातलेला सरदार भाला रोखून उभा, आणि समोर शिंगं काढलेली एक गोगलगाय. युरोपातल्या मध्ययुगीन सचित्र पोथ्यांच्या समासातली ही चित्रं हल्ली मोबाइलवर फिरतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं : कंटाळलेल्या साधूंचे उद्योग. बिचाऱ्या साधूंवर उगाच आळ येतो.

मठांतल्या जुन्या ग्रंथांतही प्राणी होतेच. इ.स. ८०० च्या सुमाराच्या 'बुक ऑफ केल्स' या बायबलमधल्या ख्रिस्तचरित्रांच्या पोथीत ख्रिस्तनामाच्या भव्य पानावर तळाशी मांजरं आणि उंदीर सापडतात, पण ते अक्षरांच्या नक्षीत दडलेले. समासात अशी झुंबड उडाली ती तेराव्या शतकात. तोवर पॅरिससारख्या शहरांत विद्यापीठं वाढली होती, ग्रंथांना गिऱ्हाईक मिळालं होतं आणि बरंचसं काम मठाबाहेरच्या कारागिरांकडे गेलं होतं. चर्मपत्र करणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, चित्रं काढणारा वेगळा. सोन्याचा वर्ख रंगांच्या आधी बसायचा. खाली लावलेल्या लेपावर फुंकर घालून तो ओलसर करायचा, वर्ख चिकटवायचा आणि कुत्र्याच्या दाताने घोटून चकाकी आणायची.

चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये रिशार आणि जान द मोंबास्तों या नवरा-बायकोचं असंच दुकान होतं. त्यांच्या एका पोथीच्या समासात एक जोडपं कामाला बसलंय, मागे पानं वाळत टांगलीत. ते हेच दोघं, असं मानतात. त्याच पोथीतली काही चित्रं इथे वर्णन करण्याजोगी नाहीत.

इंग्लंडात १३२५ ते १३४० च्या दरम्यान जेफ्री लट्रेल या लिंकनशायरच्या सरदारासाठी स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांची पोथी, तयार झाली. स्तोत्रांखाली त्यात अख्खं शेतीचं वर्ष आहे. एका पानावर शेतकरी बी फेकतोय, मागे एक कावळा पोत्यातलं बी पळवतोय आणि दुसऱ्याला कुत्रं हुसकावतंय.

गोगलगाय तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर फ्रान्समध्ये दिसू लागली, मग फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा प्रदेश) आणि इंग्लंडात. १९६२ साली लिलियन रँडल या अभ्यासिकेने मांडलं, की ही लोंबार्डांची टर आहे : सावकारी करणारे आणि भित्रे म्हणून बदनाम झालेले उत्तर इटलीतले लोक. काही चित्रांना ते लागू पडतं. पण सरदार तलवार टाकून गोगलगायीपुढे गुडघे टेकतो, तिथे मला तरी ती सरदाराचीच थट्टा वाटते. आणि असे ग्रंथ पैसे मोजून करवून घेणाऱ्यांत सरदार नि त्यांच्या बायकाही होत्या.