ढेकराची किंमत

मुंबईत औषधाच्या कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा, ‘पॅन-फोर्टीची एक स्ट्रिप द्या’ हे ऐकू येणारच. चिठ्ठी दुकानदार मागत नाही आणि गिऱ्हाईक दाखवत नाही. रोज सकाळी चहाआधी ही ॲसिडिटीची गोळी घेणारी माणसं माझ्या ओळखीत ढीगभर आहेत. त्यातली काही आता कंटाळली आहेत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘जन्मभर गोळ्या गिळण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून मोकळं झालं तर?’ प्रश्न रास्त आहे. गडबड असते ती त्याच्या पुढच्या वाक्यात. ‘म्हणजे ते ॲसिड बनवणारा भागच काढून टाकतात ना?’ एका गृहस्थांची तर खात्री होती, की पित्ताशय काढलं की छातीतली जळजळ संपली.

यातलं काहीच काढत नाहीत. या शस्त्रक्रियेनंतरही जठरात पूर्वीइतकंच आम्ल तयार होतं. तसं व्हायलाही हवं, कारण बहुतेक रुग्णांमध्ये आम्ल जास्त नसतंच, ते नको तिथे पोचत असतं. जठराला आतून चिकट श्लेष्मल द्रवाचं अस्तर असतं, त्यामुळे १.५ ते २ पीएचचं (पीएच जितका कमी तितकं आम्ल तीव्र) हायड्रोक्लोरिक आम्ल ते निवांत बाळगतं. अन्ननलिकेला ती सोय नाही. तेव्हा दोष शोधायचा तो दोघांच्या मधल्या झडपेत.

ही झडप म्हणजे दारासारखी उघडमीट करणारी पाकळी नव्हे. अन्ननलिकेच्या तळाशी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा एक पट्टा असतो आणि तो एरवी आवळलेला असतो. त्याच्याभोवती बाहेरून श्वासपटलाचे स्नायू विळखा घालतात. शिवाय अन्ननलिका जठरात सरळ न उतरता तिरकी शिरते, त्यामुळे जठर फुगलं की त्याचाच वरचा भाग तिच्यावर कलतो. ही तिहेरी तटबंदी लागते, कारण छातीच्या पोकळीतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो आणि पोटातला जास्त. म्हणजे जठरातला माल दिवसभर, प्रत्येक श्वासाला, वर ओढला जात असतो. श्वासपटलाचं भोक सैल होऊन जठराचा माथा छातीत सरकला, की पट्टा आणि विळखा यांची फारकत होते. यालाच हायेटस हर्निया म्हणतात.

मग रिफ्लक्स (जठरातला माल वर अन्ननलिकेत येणं) होतो तो पट्टा ढिला पडल्यामुळे, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. पण मोजून बघायची पंचाईत होती. दाब मोजणारी नळी नाकातून खाली सोडायची, तर पट्टा श्वासागणिक आणि घोटागणिक वरखाली सरकतो आणि नळीवरचं मोजमापाचं छिद्र त्याच्यातून निसटतं. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेंट यांनी १९७६ साली यावर उपाय काढला: छिद्राऐवजी ६ सेंटिमीटर लांबीची दाब टिपणारी बाही. पट्टा कितीही सरकला तरी बाहीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर असतोच. ही नळी घालून डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांच्या रात्रभर नोंदी घेतल्या आणि १९८० साली निष्कर्ष छापले. पट्ट्याचा दाब एरवी उत्तम असतो. मग मध्येच, घोट गिळलेला नसताना, तो १० सेकंदांहून जास्त वेळ पूर्ण सैल पडतो. आम्ल वर येतं ते बहुतेक वेळा नेमकं त्याच खिडकीतून.

हे सैलावणं म्हणजे बिघाड नाही. ती ढेकर द्यायची यंत्रणा आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत मोह पडतो तो हिचाच. प्रत्येक घासाबरोबर आपण थोडी हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या भागात साचते आणि तिथली भिंत ताणली जाते. भिंतीतल्या मज्जातंतूंची टोकं हा ताण टिपतात, व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो, तिथे त्यावर निर्णय होतो आणि उलट निरोप त्याच व्हेगसमधून खाली येतो. पट्ट्याजवळच्या मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि स्नायू सैल पडतो. त्याच क्षणी श्वासपटलाचा विळखाही सुटतो, पण फक्त अन्ननलिकेभोवतीचा. बाकीचं श्वासपटल श्वास घेत राहतं! अन्ननलिकेचे उभे स्नायू आखडून ती आखूड होते आणि हवा वर निसटते. गाढ झोपेत हे सगळं जवळजवळ बंद असतं. मेंदूच्या देठातल्या त्या निर्णयावर गाबा नावाचं रसायन अंकुश ठेवतं, म्हणून बॅक्लोफेन हे स्नायू शिथिल करणारं औषध दिलं तर अशी सैलावणी कमी होतात. पण ते घेतल्यावर माणूस पेंगतो, त्यामुळे सर्रास वापरता येत नाही.

अडचण एवढीच की हवेसाठी उघडलेल्या वाटेवर हवेशेजारी काय उभं आहे, हे झडपेला कळत नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की जेवणानंतर जठरातलं सगळं आम्ल अन्नात कालवलं जात नाही. ताज्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी तोंडाशी जमतो. जेवणानं बाकीचं जठर सौम्य झालेलं असताना हा थर मात्र जहाल असतो. हर्निया असेल तर तो श्वासपटलाच्याही वर जाऊन बसतो. मग प्रत्येक सैलावणीला हवेबरोबर आम्लाचा फवारा. साडेनऊची कर्जत लोकल पकडून घरी पोचणारा, अकराला जेवणारा आणि साडेअकराला आडवा होणारा मुंबईकर हा थर अन्ननलिकेच्या पातळीला आणून ठेवतो. त्यातून उजव्या कुशीवर झोपला तर अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या द्रवाच्या खालीच येतं. डाव्या कुशीवर ते वर राहतं. हा फुकटचा उपाय आहे, आणि करून बघण्याजोगा.

आता गोळीकडे वळू. पॅन्टोप्राझोल (पॅन-फोर्टीतलं औषध) किंवा ओमेप्राझोल झडपेला हातही लावत नाही. जठराच्या पेशींतले आम्ल बाहेर टाकणारे पंप ते बंद पाडतं, तेही फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप चालू होतात जेवणानं, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. रात्री झोपताना घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी वेळ बदलून पाहावी. गोळीनं वर येणाऱ्या द्रवातलं आम्ल कमी होतं, द्रव वर येणं थांबत नाही. म्हणून जळजळ जाते, पण बुटाची लेस बांधायला वाकल्यावर तोंडात येणारं आंबट पाणी तसंच येत राहतं. शस्त्रक्रियेचा खरा विचार करावा तो अशा माणसानं. मोठा हर्निया असलेल्यानं, किंवा गोळी लागू पडते पण सोसत नाही अशानंही.

शस्त्रक्रियेची गोष्ट इस्तंबूलमध्ये सुरू होते. रुडॉल्फ निसन हे जर्मन ज्यू सर्जन १९३३ साली नाझींमुळे देश सोडून तिथे गेले होते. १९३६ साली त्यांनी एका तरुणाच्या अन्ननलिकेचा तळाकडचा व्रण झालेला भाग काढला आणि नवा जोड उसवू नये म्हणून जठराची भिंत त्याभोवती गुंडाळली. बऱ्याच वर्षांनी कळलं, की त्या रुग्णाला जळजळीचा काहीच त्रास नव्हता. तोवर निसन अमेरिकेमार्गे स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पोचले होते. जाता जाता सांगायला हवं, की १९४८ साली आइन्स्टाइनच्या पोटातली फुगलेली महाधमनी सेलोफेनमध्ये गुंडाळणारे सर्जनही हेच. आइन्स्टाइन त्यानंतर एप्रिल १९५५ पर्यंत जगला. त्याच १९५५ साली निसननी केवळ रिफ्लक्ससाठी म्हणून जठर गुंडाळलं आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं.

करतात ते असं. श्वासपटलाचं सैल भोक टाके घालून आवळतात, वर सरकलेलं जठर खाली ओढतात आणि जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या मागून पुढे आणून मफलरसारखा तिच्या तळाभोवती शिवतात. गंमत अशी, की हा मफलर जठराचाच असल्यामुळे जठरातला दाब वाढला की त्याच्याही आतला दाब वाढतो आणि तो जास्त घट्ट बसतो. शिवाय ताण टिपणारा घुमटच बांधला गेल्यानं ती अवेळी सैलावणीही घटतात. १९९१ साली बेल्जियमच्या बर्नार्ड दालमान्य यांनी हे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडियांनी भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली केली होती, म्हणजे हत्यारं आणि हात इथे तयार होत होतेच.

पण जी वाट आम्लासाठी बंद केली तीच हवेची होती. गुंडाळी पूर्ण ३६० अंशांची असेल तर अनेकांना ढेकर नीट देता येत नाही, उलटीही होत नाही. हवा आतड्यात उतरते, पोट तट्ट फुगतं आणि खालून वारा सुटतो. सुरुवातीला घास अडकतो. म्हणून १९६३ साली फ्रान्सच्या आंद्रे तुपे यांनी मागच्या बाजूनं अर्धवट गुंडाळी सुचवली, आता ती साधारण २७० अंशांची करतात. तिच्यात गिळण्याचा आणि फुगण्याचा त्रास कमी. रुग्णानं सर्जनला ‘पूर्ण की अर्धी, आणि का?’ हे विचारायलाच हवं.

‘मग गोळ्या कायमच्या सुटतील?’ स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांचा माग काढला, तेव्हा १७.७ टक्क्यांना त्रास परत झालेला होता आणि त्यातले बहुतेक पुन्हा गोळ्यांवर आले होते. युरोपातल्या दुसऱ्या एका चाचणीत, गोळी मुळात लागू पडणाऱ्या रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. ५ वर्षांनी गोळीच्या गटातले ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातले ८५ टक्के बरे होते. म्हणजे गोळी छान चालते आहे आणि फक्त कंटाळा आला आहे, अशा माणसाला शस्त्रक्रियेनं फार मोठं घबाड मिळत नाही.

माझा आवडता अभ्यास मात्र २०१९ सालचा, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला. गोळीनं जळजळ जात नाही अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण घेतले. आधी सगळ्यांना दोन आठवडे गोळी नीट, वेळेवर घ्यायला लावली, आणि ४२ जण तेवढ्यानंच बरे झाले. उरलेल्यांच्या कसून तपासण्या केल्या. ९९ जणांना रिफ्लक्स नव्हताच, त्यांची अन्ननलिका नुसती हळवी होती. २३ जणांना अन्ननलिकेचे भलतेच आजार निघाले. काही जण इतर कारणांनी गळाले. शेवटी खरोखर रिफ्लक्स असलेले ७८ उरले. त्यांच्यात शस्त्रक्रियेनं २७ पैकी १८ जणांना गुण आला, जादा औषधांनी २५ पैकी ७ जणांना. चाळणीतून गेलेल्यांना शस्त्रक्रिया उत्तम लागू पडते. ३६६ जणांना सरसकट टेबलावर घेतलं असतं, तर कितीजण विनाकारण ढेकर गमावून बसले असते?

चाळणी म्हणजे काय, तर तीन तपासण्या. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेची पाहणी. मॅनोमेट्री, म्हणजे गिळताना स्नायू नीट चालतात का याचं मोजमाप. अकॅलेझिया नावाच्या आजारात झडप उघडतच नाही आणि जळजळही होऊ शकते. तिथे गुंडाळी घातली तर माणसाचं गिळणंच बंद पडेल. तिसरी, २४ तासांची पीएच तपासणी. नाकातून एक बारीक तार, कमरेला मोबाइलएवढी पेटी, आणि माणूस नेहमीसारखा कामाला. लोकलमध्ये शेजारचे टक लावून बघतात, पण जेवण, जिना, बॉस सगळं नेहमीसारखंच व्हावं लागतं. जळजळ झाली की पेटीवरचं बटण दाबायचं. दिवसातला ४ टक्क्यांहून कमी वेळ पीएच ४ च्या खाली असेल तर ते सामान्य, ६ टक्क्यांच्या वर असेल तर आजार पक्का. ४ टक्के म्हणजे जवळजवळ ५८ मिनिटं! रोज पाऊण तास आम्ल वर येणारा माणूसही निरोगी असू शकतो. बटण दाबलं तेव्हा तारेनं आम्ल टिपलंच नसेल, तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधायचं.

या तपासण्यांआधी आपल्याकडे ‘बेंबी सरकलीय’ म्हणून पोट चोळून घेणं होतं, ते एक वेळ निरुपद्रवी म्हणू. रोज सकाळी घशात बोटं घालून ‘पित्त काढणं’ मात्र तसं नाही. ज्या आम्लापासून अन्ननलिकेला वाचवायचं, तेच तिच्यावरून मुद्दाम ओतून घ्यायचं, याला काय म्हणावं? दुसऱ्या टोकाला ‘बिनटाक्याचं, एका दिवसात घरी’ छापाच्या जाहिराती. झडपेभोवती चुंबकी मण्यांचं कडं घालायची पद्धत अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली. कल्पना फारच देखणी: घास गेला की मणी लांब होतात, मग पुन्हा चिकटतात. पण पुढे एमआरआय करायची वेळ आली तर यंत्राच्या ताकदीवर मर्यादा येते, आणि चाळणी याही रुग्णाला चुकत नाही.

वजन बरंच जास्त असेल तर हिशेबच वेगळा. वजन घटवण्यासाठी जठराची नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया सध्या जोरात आहे, पण तिच्यानं रिफ्लक्स वाढू शकतो. अशा रुग्णाला जठराचा बायपास बरा, आणि आपल्याला रिफ्लक्स आहे हे वजनाच्या डॉक्टरला आपणहून सांगावं लागतं. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शी होणं, यातलं काही असेल तर शस्त्रक्रियेच्या चर्चेआधी एंडोस्कोपी, आणि ती लगेच.

गुंडाळी करून घेतलीच, तर पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ खाणं: पेज, मुगाचं वरण, गुरगुट्या भात. सूज उतरेपर्यंत पाव सगळ्यात जास्त अडकतो, त्यामुळे वडापाव बंद. सोडाही बंद, कारण त्यातला वायू वरून बाहेर पडणार नाही.