सोल युगुलगीत: दोन गळे, एक पट्टी

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावनांनी भरलेलं लोकप्रिय संगीत. त्यातल्या संथ युगुलगीतात सगळ्यात अवघड निर्णय पट्टीचा असतो आणि तो माईक लावायच्या आधीच घ्यावा लागतो. पुरुष आणि स्त्री यांच्या सोयीच्या षड्जांत साधारण चार-पाच स्वरांचं अंतर असतं. आपल्याकडे पुरुष काळी एकच्या आसपास आणि बायका काळी चारच्या आसपास गातात, तेवढंच. पं. जसराजांनी स्त्री-पुरुषांनी मिळून गायच्या जसरंगी जुगलबंदीत दोघांना वेगवेगळे षड्ज देऊन ही अडचण सोडवली. सोलमध्ये मात्र मागे पियानो, बास आणि गिटार एकाच पट्टीत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) धरून असतात. तिच्या कडव्यासाठी पट्टी बदलता येते, पण दोघं एकत्र गाऊ लागले की प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

म्हणून पट्टी एकच ठेवावी आणि चाल दोघांसाठी वेगळी बांधावी. ३५० हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर घ्या. बहुतेक पुरुषांना तो जोर लावून गाठावा लागतो, त्यामुळे आवाजात विनवणी येते. तिला तो मधल्या भागात सहज मिळतो, म्हणून तिचं गाणं बोलण्याच्या जवळ जातं. सोल युगुलगीताची निम्मी ओढ या फरकातून येते. पट्टी अर्ध्या स्वराने जरी चढली तरी तो ओरडू लागतो. उतरली तर तिचे खालचे स्वर ड्रमखाली दबतात. शेवटचं ध्रुवपद दोघांकडून सलग तीनदा पूर्ण आवाजात गाऊन घ्यावं. तिसऱ्या वेळीही गळा मोकळा राहिला तर पट्टी बरोबर आहे.

त्या ध्रुवपदात बहुधा एकाचा षड्ज आणि दुसरीचा गंधार एकत्र टिकून राहतात. त्याचा स्वर २२० हर्ट्झचा असेल तर शुद्ध ५:४ प्रमाणातला गंधार २७५ वर येतो, पियानोचा मात्र २७७.२ वर. कुठल्याही स्वरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही मिसळलेली असतात. २२० ची पाचपट ११००. २७५ ची चौपटही ११००, दोन्ही एकमेकांत विरघळतात. पियानोच्या गंधाराची चौपट होते ११०८.७. मग सेकंदाला सुमारे नऊ वेळा आवाज थरथरतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार म्हणजे हीच पाचपट, त्यामुळे त्यावर तयार झालेल्या कानाला ही थरथर लगेच खटकते.

चांगले गायक नकळत २७५ कडे सरकतात आणि मग पियानोशी भांडण होतं. उपाय सोपा आहे: तेवढ्या दोन मात्रागटांपुरता पियानो आणि स्ट्रिंग्जमधून गंधार काढून टाकायचा, तो गायकांनाच धरू द्यायचा. शिवाय दोघांनी स्वर आधी सरळ लावावा आणि व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचा हलका हेलकावा, शेवटाकडे आणावा. सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचे दोन व्हायब्रेटो सुरुवातीपासून चालू असतील तर गंधार नेमका कुठे आहे ते कळतच नाही.

दोघं एकाच खोलीत गात असतील तर लीकेज, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरणं, सांभाळावं लागतं. तिचा आवाज त्याच्या माईकमध्ये ३४ सेंटिमीटर जास्त अंतर कापून पोचला तर तो एक मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ५००, १५००, २५०० हर्ट्झ कापले जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून तोंड आपल्या माईकपासून २० सेंटिमीटरवर असेल तर समोरच्याचा माईक किमान ६० वर हवा. तिप्पट अंतराने लीकेज साडेनऊ डेसिबल कमी होतं. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकणारा एकच फिगर-एट रिबन माईक मध्ये ठेवायचा आणि पुढे-मागे सरकून तोल साधायचा. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबल वाढतो. यात एकाचा चुकलेला शब्द नंतर वेगळा दुरुस्त करता येत नाही, पण जवळीक सर्वांत खरी ऐकू येते.

वेगवेगळं गाऊनही जमतं. १९६७ साली डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल या गायकांच्या पहिल्या गाजलेल्या युगुलगीतात तिचा आवाज आधी घेतला गेला, त्याचा नंतर. धोका असा की पहिल्याला प्रतिसाद द्यायला समोर कुणीच नसतं. वेळ असेल तर दुसऱ्याचा ट्रॅक झाल्यावर पहिल्याच्या उत्तराच्या ओळी पुन्हा घ्याव्यात. काँप्युटरवर हे करताना ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बफर, म्हणजे काँप्युटर एका वेळी साठवून घेतो ते नमुने, २५६ ठेवला तर हेडफोनमधला स्वतःचा आवाज जाता-येता दहा मिलिसेकंदांहून जास्त मागे पडतो आणि गायक सुरावरून घसरतो. गाताना बफर ६४ वर आणावा.

मिक्समध्ये शेवटी खटकतात ती व्यंजनं. ओळीच्या टोकाचा ‘त’ किंवा ‘स’ दोघांचा ३० मिलिसेकंदांच्या फरकाने पडला तरी दोनदा वाजल्यासारखा वाटतो. एडिटिंगमध्ये तास घालवण्यापेक्षा टेकच्या आधीच ठरवावं: टोकाचं व्यंजन एकानेच उच्चारायचं, दुसऱ्याने स्वरावर थांबायचं.