पौर्णिमा होती, मग ईस्टर कुठं गेला?

2019 सालची धुळवड. इंदुरात खरा धिंगाणा रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, त्यामुळे धुळवडीची सकाळ तशी निवांत असते. मी ओट्याशी पोहे भिजवत होते आणि वरच्या मजल्यावरच्या काकू भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून, तसंच हातात घेऊन खाली आल्या. काकू मराठी ख्रिस्ती. माहेर नगरकडचं, लग्न होऊन इंदुरात आल्या त्याला पन्नासेक वर्षं झाली.

"अगं, तू गणिताची बाई ना? मग हे सांग. 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. आज 21 मार्च. आज सकाळीच पौर्णिमा. मग ईस्टर येत्या रविवारी हवा. यात तर 21 एप्रिल छापलाय! महिनाभर कुठं हरवला?"

मी म्हटलं, छापताना चुकलं असेल. चुकलं नव्हतं. काकूंचा प्रश्न इतका चोख होता की मला उत्तर शोधायला आठ दिवस लागले, आणि शोधता शोधता मी इंदूरहून इटलीतल्या बोलोन्याला जाऊन उज्जैनला परत आले. अर्थात पुस्तकांतून. उज्जैनला मात्र खरंच गेले.

आधी आकाश पाहू. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेतीनच्या सुमारास वसंतसंपात झाला, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर आला. सकाळी सव्वासातला पौर्णिमा संपली. तिथीच्या गणितात पौर्णिमा संपते तो क्षण म्हणजे चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येण्याचा. संपात आधी आणि पूर्ण चंद्र पावणेचार तासांनी. काकूंचा नियम अक्षरशः लावला तर ईस्टर 24 मार्चला यायला हवा होता.

आता हा सण चंद्राला बांधला कुणी? येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण. म्हणून पुनरुत्थानाचा दिवसही चंद्राच्या मागे गेला, शिवाय वार रविवारच हवा. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेत ठरलं की सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळायचा. ठरवणं सोपं होतं. पण राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे सगळे ईस्टरवरून मागे मोजायचे, त्यामुळे तारीख कित्येक महिने आधी माहीत हवी. आयत्या वेळी आकाशात बघून भागणार नाही. गणित आलं.

आणि हे गणित आपल्या पंचांगवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. सूर्याचं वर्ष 365.2422 दिवसांचं, चंद्राचा महिना 29.53 दिवसांचा. एकाला दुसऱ्यानं भाग जात नाही. पण 19 सौर वर्षं आणि 235 चांद्र महिने जवळजवळ सारखे भरतात, फरक दोनेक तासांचा. 19 वर्षांचे साधे महिने 228, म्हणजे सात जास्तीचे टाकावे लागतात. हेच आपले अधिक मास. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती गणितज्ञांनी याच एकोणीस वर्षांच्या चक्रावर ईस्टरची कोष्टकं बांधली आणि संपात 21 मार्चला धरून टाकला. आठव्या शतकात इंग्लंडच्या एका मठात बीड नावाचा साधू हेच गणित शिकवत होता. त्याच्या 725 सालच्या ग्रंथात भरती-ओहोटीची वेळ बंदरागणिक वेगळी असते, हेही नोंदलेलं आहे. चंद्राचा पिच्छा पुरवला की समुद्रही हाती लागतो!

घोटाळा झाला तो सूर्याच्या बाजूनं. तेव्हा युरोपात चालणाऱ्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष सव्वातीनशेपासष्ट दिवसांचं, असं आमच्या शाळेत एका मुलानं लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं 365 आणि पाव. खरं वर्ष त्याहून सव्वाअकरा मिनिटांनी लहान आहे. सव्वाअकरा मिनिटं म्हणजे किती, चहा व्हायचा वेळ. पण 128 वर्षांत त्याचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात 11 मार्चच्या आसपास सरकला होता आणि चर्चची कोष्टकं मात्र 21 ला चिकटून होती. चंद्राचं कोष्टकही चारेक दिवसांनी मागे पडलं होतं. उपासाचे दिवस चुकत होते, आणि श्रद्धाळू माणसाला हे लागतंच. एकादशी द्वादशीला धरली तर आपल्याकडे काय गहजब होईल, तसंच ते.

दुरुस्तीची युक्ती काढली इटलीच्या कालाब्रियातल्या लुइजी लिलिओ नावाच्या वैद्यानं. ती अमलात आलेली पाहायला तो जगला नाही. क्रिस्टोफर क्लावियस या जेसुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातल्या) गणितज्ञानं ती तपासली, मांडली आणि आयुष्यभर तिच्यासाठी भांडला. तेराव्या ग्रेगरी पोपच्या आज्ञेनं 1582 मध्ये 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट 15 ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. दहा दिवस गाळले. यापुढं शतकाच्या वर्षांपैकी 400 नं भाग जाईल तेच लीप धरायचं, म्हणून 2000 लीप होतं, 2100 नसेल. वर्षाची चूक सव्वाअकरा मिनिटांवरून 26 सेकंदांवर आली. चंद्रासाठीही सोय केली: 2500 वर्षांत आठ वेळा कोष्टक एकेक दिवसानं सरकवायचं. प्रॉटेस्टंट इंग्लंडनं मात्र पोपचं गणित म्हणून ते 1752 पर्यंत नाकारलं. आपण आज बँकेत, शाळेत, रेल्वेत जे कॅलेंडर वापरतो ते एका सणाची तारीख चुकू नये म्हणून दुरुस्त केलेलं आहे, हे आपल्या कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

पण दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे ठरवणार कसं? त्यासाठी सूर्य मोजायला हवा, आणि तो मोजायला मोठी अंधारी खोली लागते. युरोपात तेव्हा सर्वांत मोठी अंधारी खोली म्हणजे चर्च.

बोलोन्या शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये जोव्हान्नी कास्सिनी या खगोलज्ञानं 1655 मध्ये छताला, जमिनीपासून सुमारे 27 मीटर उंचीवर, एक बारीक भोक ठेवलं. भोकाचा व्यास उंचीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 27 मिलिमीटरच्या आसपास. खाली फरशीवर बरोबर दक्षिणोत्तर जाणारी सुमारे 67 मीटर लांबीची पट्टी बसवली. रोज मध्यान्हीला कवडसा ती पट्टी ओलांडतो: उन्हाळ्यात भोकाच्या जवळ आणि जेवणाच्या ताटाएवढा, हिवाळ्यात दूर आणि लांबुळका. कवडसा कुठं पडला यावरून संपाताचा दिवस समजतो. उपासनेला आलेल्या बायामाणसांच्या पायांशी चाललेली ही वेधशाळाच.

खरी गंमत पुढं आहे. कास्सिनीनं कवडसा कुठं पडतो यावर न थांबता तो केवढा आहे हेही मोजलं. सूर्य जानेवारीत आकाशात जरा भराभर सरकताना दिसतो, जुलैत सावकाश. जुनं शास्त्र म्हणे, गती एकसारखीच असते, जानेवारीत तो जवळ असतो म्हणून भराभर सरकल्यासारखा दिसतो. जर्मन खगोलज्ञ केप्लर म्हणे, यातला निम्मा भाग अंतराचा, उरलेला निम्मा खऱ्याखुऱ्या गतीतल्या फरकाचा. कोण बरोबर? जुनं शास्त्र खरं असेल तर वर्षभरात सूर्याचं बिंब जवळजवळ सात टक्क्यांनी लहानमोठं व्हायला हवं, केप्लर खरा असेल तर साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. फरशीवर माप निघालं ते केप्लरच्या बाजूचं.

साल लक्षात घ्या. सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे मत सोडायला लावून रोमनं गॅलिलिओला शिक्षा सुनावली 1633 मध्ये. त्याला उरलेलं आयुष्य नजरकैदेत काढावं लागलं आणि 1642 मध्ये तो गेला. त्यानंतर तेरा वर्षांनी, पोपच्याच राज्यात, पोपच्याच धर्माच्या देवळात, फरशीवरचा कवडसा केप्लरचं म्हणणं उचलून धरत होता. (हे माप गती कशी बदलते तेवढंच सांगतं, कोण कुणाभोवती फिरतं ते सांगत नाही, त्यामुळे कास्सिनीला कुणी हटकलं नाही.) गॅलिलिओवर अन्याय झाला, तो झाकण्यात अर्थ नाही, आणि रोमला ते उघड कबूल करायला 1992 उजाडलं. पण 'चर्च विरुद्ध विज्ञान' एवढंच म्हणून ही गोष्ट मिटवणाऱ्यांनी ती फरशीही एकदा पाहावी. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदतात का, असं विचारलं की लोक श्रद्धावान शास्त्रज्ञांची यादी वाचून दाखवतात. मला त्या यादीचा कंटाळा आहे. एखाद्यानं रविवारी उपासना केली आणि सोमवारी प्रयोग केला, यानं काय सिद्ध होतं? इथं मात्र उपासनेची गरज आणि प्रयोग एकाच छपराखाली, एकाच भोकातून आत येत होते.

आणि हा धागा आपल्या माळव्यातही पोचला होता. उज्जैनची वेधशाळा बांधणारा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता. त्याला युरोपातली ताजी कोष्टकं हवी होती, म्हणून त्यानं जेसुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्याबरोबर आपली माणसं पोर्तुगालला धाडली. ती साधारण 1730 च्या सुमारास परतली, ला हीर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टकं घेऊन. जयसिंगानं ती डोक्यावर घेतली नाहीत, वेध घेऊन तपासली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे आकाशात दिसणाऱ्या चंद्राची पूर्ण रुंदी! ती त्यानं स्पष्ट नोंदवली. पाद्र्यांनी पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारा कोपर्निकस मात्र आणला नाही. त्याचं पुस्तक रोमच्या निषिद्ध यादीत तेव्हाही होतंच. सहकार्याला अशीही कुंपणं होती.

क्षिप्रेकाठच्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला. आम्ही मुलांना संपाताच्या दिवशी तिथं नेतो. पुढं एका सहलीला काकूही आल्या. दक्षिणोत्तर भिंतीवर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजतात, म्हणजे बोलोन्याच्या फरशीचं काम इथं भिंत करते. त्या दिवशी शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या, सावलीचं टोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका सरळ रेषेत चालतं. इतर दिवशी ते वाकतं. मुलांनी खडूनं दर अर्ध्या तासाला ठिपके काढले. काकू कट्ट्यावर बसून ठिपके जोडलेली रेघ न्याहाळत म्हणाल्या, "आणि आमच्या शास्त्रात हे कुठं लिहिलेलं नाही." मी विचारलं, कुठल्या शास्त्रात? मराठीत ही सोय आहे: पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, तेही शास्त्रच आणि भौतिकशास्त्रही शास्त्रच.

पण दोन शास्त्रांची गल्लत नको, हे सर्वांत ठामपणे सांगणारा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये विश्व प्रसरण पावतंय हे गणितानं मांडलं आणि 1931 मध्ये सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी असं सुचवलं. पुढं त्यालाच महास्फोट म्हणू लागले. 1951 च्या नोव्हेंबरात बाराव्या पायस पोपनी एका भाषणात या सिद्धांताची सांगड बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेशी घातली. कुणाला वाटेल लमेत्र सुखावले असतील. ते अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्या खोटा ठरला तर? त्यांचं म्हणणं होतं, हे गणित देवाच्या असण्या-नसण्याबद्दल काहीच बोलत नाही, त्याला तसं बोलायला लावू नका.

तर काकूंचा हरवलेला महिना. उत्तर असं, की चर्च आजही ईस्टरसाठी खरं आकाश पाहत नाही, कोष्टक पाहतं. कोष्टकात संपात कायम 21 मार्च आणि चंद्र एकोणीस वर्षांच्या चक्राचा. त्या चंद्राची पौर्णिमा 2019 मध्ये 20 मार्चला पडली, म्हणजे एका दिवसानं हुकली. मग पुढची, 18 एप्रिलची, धरली आणि ईस्टर 21 एप्रिलला गेला. आपली हनुमान जयंती 19 एप्रिलला होती, त्याच दिवशी उत्तम शुक्रवार. आमच्या जिन्यात वरून खाली कुणी हसत बोलत नव्हतं आणि खालून वर बुंदी चालली होती. कोष्टक सोडून जेरुसलेमवरचं खरं आकाश धरावं, असा प्रस्ताव 1997 मध्ये सीरियातल्या अलेप्पोच्या बैठकीत चर्चांनी मांडला होता. तो अजून अमलात आलेला नाही. मला विचाराल तर यावा. ज्यांच्या पूर्वजांनी छताला भोक ठेवून सूर्य आत घेतला, त्यांनी छापील चंद्रावर का थांबावं?

हे सगळं ऐकून काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एकोणीस वर्षांचं चक्र म्हणालीस ना? मग 2019 नंतर हे परत 2038 ला होणार." मी कागद घेतला. खरंच. 2038 मध्ये पौर्णिमा 21 मार्चला, रविवारीच. कोष्टकातली मात्र 18 एप्रिलला, तीही रविवारी, त्यामुळे ईस्टर आणखी आठवडाभर पुढं, 25 एप्रिलला. याहून उशिरा तो येऊच शकत नाही.

"मी तेव्हा एक्क्याण्णव," असं म्हणत काकूंनी कालनिर्णय उलटं केलं आणि दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीनं ती तारीख लिहून ठेवली.