एमएसडब्ल्यूला प्रवेश : पात्रता, दाखले आणि मुलाखतीची तयारी

पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि पुढे समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण (एमएसडब्ल्यू) घ्यायचं मनात आहे, तर निकालाची वाट बघत थांबू नका. या प्रवेशात चांगली तयारीची मुलं अडकतात ती बहुतेक वेळा दाखल्यांपाशी. जून उजाडतो, सेतू केंद्रावर रांग लागते, तहसीलचा सर्व्हर बंद पडतो आणि कागदपत्रं जमा करायची मुदत त्याच आठवड्यात संपत असते. म्हणून ही माहिती जानेवारीतच वाचून कामाला लागावं असं मला वाटतं.

कोण अर्ज करू शकतं

मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. कला, वाणिज्य, विज्ञान, नर्सिंग, अभियांत्रिकी, कुठलीही. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालेली असणं सक्तीचं नाही, मात्र काही महाविद्यालयं त्यांना प्राधान्य देतात. किमान गुणांची अट विद्यापीठागणिक बदलते: कुठे नुसतं उत्तीर्ण असणं पुरतं, कुठे खुल्या गटाला ५० आणि राखीव गटाला ४५ टक्के लागतात. वयाची अट साधारणपणे नसते. दहा वर्षं अंगणवाडीत किंवा एखाद्या संस्थेत काम करून मग एमएसडब्ल्यूला येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि वर्गात त्यांचं बोलणं सगळ्यांत वजनदार असतं.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांना तात्पुरता अर्ज करता येतो. पण एखादा विषय राहिला असेल तर तो निघाल्याचा निकाल संस्थेने दिलेल्या तारखेच्या आत हातात हवा.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी प्रवेशाला चालते. ज्यांनी बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन ती पदवी घेतली आहे, त्यांनी मात्र अर्ज भरण्याआधी संबंधित संस्थेत लेखी विचारून घ्यावं, कारण काही ठिकाणी दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी असाच क्रम मागतात.

दोन वाटा, दोन वेळापत्रकं

पहिली वाट टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरू झालेली ही संस्था देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय. मुख्य परिसर देवनारला, आणि आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरलाही एक परिसर आहे. पूर्वी टिसची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची. २०२३ पासून सीयूईटी पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. संगणकावर ७५ बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे टिसचा अर्ज भरला असं होत नाही. टिसच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि सीयूईटीत कोणता पेपर निवडायचा हे टिसच्या माहितीपुस्तिकेत बघूनच ठरवावं लागतं. पेपर चुकीचा निवडला तर गुण कितीही चांगले पडोत, उपयोग शून्य.

दुसरी वाट राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांची आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांची. मुंबईत चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कोथरूडची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३), एसएनडीटी विद्यापीठाचा विभाग, नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय, कोल्हापुरात सायबर ही संस्था, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयं. इथली प्रक्रिया पदवीच्या निकालांच्या आगेमागे चालते आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी: कुठे लेखी परीक्षा, गटचर्चा आणि मुलाखत असे तिन्ही टप्पे, तर कुठे पदवीच्या गुणांवर यादी लागते. एकाच ठिकाणी अर्ज करून बसू नका. तीन-चार ठिकाणी तरी करा.

दाखले : इथेच खरा वेळ जातो

साधे कागद आधी उरकू. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो, वय-अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र (सगळे ज्याला डोमिसाइल म्हणतात ते), आणि विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र. मायग्रेशनला मूळ विद्यापीठात अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. मूळ दाखला जमा केल्यावर परत मिळायला त्रास होतो, म्हणून आधी चांगल्या चार रंगीत प्रती काढून ठेवा आणि स्कॅन फोनमध्ये ठेवा.

आता राखीव जागेचे कागद. हे क्रमाने निघतात, आणि जातीचा दाखला नसेल तर पुढचे निघत नाहीत. आधी जातीचा दाखला. तो काढायला जात आणि त्या काळातलं वास्तव्य दाखवणारे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. म्हणजे प्रत्यक्षात आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा किंवा फेरफार. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना आजोबांचं नाव आणि अंदाजे वर्ष सांगितलं तर ते रजिस्टर उघडून दाखवतात. तिथे नाव ‘गणू’ आणि वडिलांच्या कागदावर ‘गणपत’ असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र जोडा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा पुरावा चालतो, मात्र वंशावळीत त्यांचं नातं स्पष्ट दिसलं पाहिजे.

जातीचा दाखला निघाला की जात वैधता, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र. तिचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. वडील, सख्खा भाऊ-बहीण किंवा काका यांच्यापैकी कुणाची वैधता आधी झालेली असेल तर ती जरूर जोडा, त्याने काम पुष्कळ हलकं होतं. समितीला त्रुटी दिसली की तुमच्या खात्यावर कळवलं जातं. लोक अर्ज टाकून विसरतात आणि त्रुटी तशीच पडून राहते. दर आठवड्याला एकदा बघत जा.

नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतं. त्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, ती तारीख बघा. मार्चमध्ये मुदत संपलेलं प्रमाणपत्र घेऊन जुलैत येणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, आणि ती मोजताना आईवडिलांचा पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पगाराचा आकडा बघून घरच्या घरी ‘आपण बसत नाही’ असं ठरवू नका. पालकांचं पद कोणत्या वर्गात येतं यावरही ते अवलंबून असतं, म्हणून कार्यालयात विचारा.

टिस किंवा अन्य केंद्रीय संस्थेत अर्ज करत असाल तर राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं, ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) तसंच. शिवाय आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे तपासायला हवं. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) वर्ग केंद्रात नाही.

लग्न झालेल्या मुलींना याबाबत उगाच फिरवलं जातं, म्हणून ठळक सांगते. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, वडिलांकडच्या पुराव्यांवरूनच निघतो. नॉन-क्रीमीलेयरलाही आईवडिलांचीच परिस्थिती बघतात, नवऱ्याचं उत्पन्न नव्हे. आधारवर सासरचं नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. आणि जात, उत्पन्न, रहिवास या शासकीय दाखल्यांसाठीच्या शपथपत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी महागडा स्टॅम्प आणायला सांगितलं तर शासनाची अधिसूचना दाखवून नम्रपणे पण ठामपणे नकार द्या.

‘मला समाजसेवेची आवड आहे’

अनेक संस्था अर्जासोबत उद्देशपत्र मागतात, किंवा मुलाखतीत तोच प्रश्न तोंडी येतो: समाजकार्यच का? याचं सगळ्यांत जास्त वेळा दिलं जाणारं उत्तर वर मथळ्यात आहे, आणि त्यातून परीक्षकाला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट घ्या आणि ती कशी घडली ते नीट सांगा. उदाहरणार्थ : ‘आमच्या शेजारच्या आजींचं श्रावणबाळ योजनेचं मानधन बंद झालं. बँकेत सांगितलं तहसीलला जा, तहसीलमध्ये सांगितलं हयातीचा दाखला नाही. दाखला दिला, पण अंगठा मशीनवर उमटेना, कारण आयुष्यभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मी त्यांच्यासोबत फिरले तेव्हा कळलं की योजना कागदावर असणं आणि ती माणसापर्यंत पोहोचणं यात मध्ये बरंच काही आहे.’ एवढ्या चार-पाच वाक्यांत निरीक्षण आहे, योजनेची माहिती आहे आणि माणसाबद्दलचा आदरही आहे. मुलाखतीत पुढचे प्रश्न यातूनच निघतात. योजना कुणासाठी आहे? अंगठा उमटत नसेल तर पर्याय काय? तुम्ही तहसीलदार असता तर काय बदललं असतं? उत्तरं आधी शोधून ठेवा.

उद्देशपत्र दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडतं.

गटचर्चेला विषय साधारण आपल्या आजूबाजूचेच येतात: ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण, बालविवाह, शेतकरी आत्महत्या, शहरातलं पुनर्वसन, दारूबंदी. ओरडून बोलणाऱ्याला इथे गुण मिळत नाहीत. दुसऱ्याचं ऐकून त्याचा मुद्दा पुढे नेणारा, आणि गप्प बसलेल्या मुलीला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणारा परीक्षकांच्या लक्षात राहतो, कारण या व्यवसायात रोज तेच करायचं असतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून दबून जाऊ नका. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत मराठीत बोललेलं चालतं, आणि क्षेत्रकार्यात, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामात, वस्तीतल्या माणसांशी बोलायला मराठीच लागणार आहे.

विशेषीकरण आणि क्षेत्रकार्य

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात, म्हणजे रुग्णालय, शाळा, बालगृह, कौटुंबिक न्यायालय, वस्ती किंवा ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष काम आणि त्याचा लेखी अहवाल. जोडीला ग्रामीण शिबिर, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग काम. नोकरी सांभाळून नियमित एमएसडब्ल्यू करू असं कुणी म्हणत असेल तर हे वेळापत्रक आधी बघावं.

विशेषीकरण काही ठिकाणी अर्जातच विचारतात. समुदाय विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य, मानव संसाधन व्यवस्थापन हे नेहमीचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, तेव्हापासून कामगार कल्याणाची वाट या पदवीला जोडलेली आहे. मनोविकार समाजकार्यात पुढे जायचं असेल त्यांनी एक कायदेशीर गोष्ट आजच जाणून घ्यावी: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात सायकियाट्रिक सोशल वर्करच्या व्याख्येत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीवर मनोविकार समाजकार्यातली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. धरलेली आहे. नुसती एमएसडब्ल्यू तिथे पुरत नाही.

महाविद्यालय निवडताना इमारत बघू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: क्षेत्रकार्याला कुठे पाठवतात, पर्यवेक्षक दर आठवड्याला बसून अहवाल वाचतात का, जाण्यायेण्याचा खर्च कोण करतं? अहवाल न वाचता सही होत असेल तर दोन वर्षं वाया जातात, मग महाविद्यालयाचं नाव कितीही मोठं असो.

नियमित वर्गाला जाणं शक्यच नसेल तर इग्नूची दूरशिक्षणाची एमएसडब्ल्यू आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येते. क्षेत्रकार्य त्यातही चुकत नाही.

प्रवेश मिळाल्यावर लगेच

राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच वर्षी भरायचा असतो. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा पर्याय बघा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, थेट लाभ हस्तांतरणासाठी ते सक्रिय आहे का हे बँकेत जाऊन विचारा. दोन खाती असतील तर पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. अर्ज भरल्यावर महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे जाऊन तो पुढे पाठवला गेला आहे का, हेही एकदा समक्ष बघून या.