ऑर्का : पिल्लांचे संगोपन

ऑर्का किंवा किलर व्हेल (ऑर्सिनस ऑर्का) हा डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा प्राणी. त्याचे कुटुंब मादीभोवती उभे असते. नागपूरकरांच्या ओळखीची जंगलातली आई म्हणजे वाघीण. तिचे बछडे दीड-दोन वर्षांत आपापल्या वाटेने जातात आणि ती पुन्हा विण्यास मोकळी होते. पेंचच्या ‘कॉलरवाली’ने ८ वेतांत २९ बछडे दिले. ऑर्का मादीला उभ्या आयुष्यात जेमतेम पाच-सहा पिल्ले होतात, पण काही समूहांत ती दूर जात नाहीत.

गर्भकाळ १५ ते १८ महिन्यांचा असतो. पिल्लू एकच, जन्मतः दोन मीटरांहून लांब. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या भागांवर सुरुवातीला नारिंगी झाक असते. अंगावरचे दूध साधारण वर्ष-दोन वर्षांनी तुटते. कळपाची विशिष्ट ‘बोली’ पिल्लू आईचे आणि भावंडांचे आवाज ऐकून शिकते. हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांजवळ मोठ्या माद्या पिल्लांना किनाऱ्यावर चढून सील पकडायला शिकवतात आणि परत पाण्यात यायला मदत करतात.

सगळे ऑर्का सारखे वागत नाहीत. सर्वांत सविस्तर माहिती आहे ती कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, सालमन मासे खाणाऱ्या ‘रेसिडेंट’ कळपांची. तिथे १९७० च्या दशकापासून एकेक ऑर्का पाठीवरच्या पंखावरून ओळखून नोंदवला जातो. या कळपांत मुलगे-मुली दोघेही जन्मभर आईजवळ राहतात. बाप संगोपनात कुठेच नसतो. तो स्वतःच्या आईच्या कळपात असतो.

यात खरा भार मुलग्यांचा. आई पकडलेला सालमन तोडून वाढलेल्या मुलालाही देते. २०१२ च्या एका अभ्यासात दिसले की तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याचा धोका सुमारे १४ पट वाढतो. मुलींच्या बाबतीत हा फरक फार कमी आहे. किंमत आईही मोजते: २०२३ च्या अभ्यासानुसार दूध सुटलेला एकेक मुलगा तिची नवे पिल्लू वाढवण्याची वार्षिक शक्यता जवळपास निम्म्यावर आणतो. लाडाचा इतका काटेकोर हिशेब प्राणिजगतात क्वचितच मांडला गेला आहे.

चाळिशीच्या आसपास मादीचे विणे थांबते, तरी ती पुढे कित्येक दशके जगू शकते. सालमन कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे बहुधा अशीच म्हातारी असते. विणे थांबलेली आजी दगावल्यास पुढच्या दोन वर्षांत नातवंडांच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

२०१८ मध्ये तालेक्वा नावाच्या मादीने मेलेले पिल्लू १७ दिवस वाहून नेले, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. तिच्या ‘सदर्न रेसिडेंट’ समूहाचे मुख्य अन्न म्हणजे चिनूक सालमन, आणि तोच कमी होत चालला आहे. २००८ ते २०१४ दरम्यान या समूहात लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे ६९ टक्के वाया गेल्या.