खुकरी स्मारक, दीव

दीव बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, चक्रतीर्थ पुळणीलगतच्या टेकाडावर उभारलेले भारतीय नौदलाचे युद्धस्मारक. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री अरबी समुद्रात बुडालेली 'आयएनएस खुकरी' ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आणि तिच्यासोबत गेलेले १८ अधिकारी व १७६ नौसैनिक यांच्या स्मरणार्थ ते बांधले आहे. काचेच्या दालनात नौकेची प्रतिकृती आहे आणि तिच्यासमोर उघडा समुद्र. खरी खुकरी दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर तळाशी आहे, म्हणजे टेकाडावरून कितीही नजर ताणली तरी ती जागा दिसत नाही. बहुतेक नौसैनिकांचे देहही हाती लागले नाहीत. त्यांच्या घरच्यांसाठी फूल वाहायला जमिनीवरचे ठिकाण म्हणजे हेच.

१९७१ च्या युद्धात कराचीवर क्षेपणास्त्र नौकांचे हल्ले चालू असताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानी पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिच्या मागावर मुंबईहून खुकरी आणि कृपाण या ब्रिटिश बनावटीच्या पाणबुडीविरोधी फ्रिगेट धाडण्यात आल्या. त्यांची तिसरी जोडीदार कुठार. तिन्ही नावे धारदार हत्यारांची. पण शोध घ्यायची पाणबुडी फ्रेंच बनावटीची 'हंगोर' होती आणि तिची श्रवणयंत्रणा या नौकांच्या सोनारपेक्षा, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रापेक्षा, लांबचे ऐकू शकत होती. शिकार कोण आणि शिकारी कोण, हे तिथेच उलटले. त्यात खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या नव्या उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. हा निर्णय योग्य होता का, यावर पुढे बराच वाद झाला. रात्री पावणेनऊच्या सुमारास पाणतीर (टॉर्पेडो) लागला आणि काही मिनिटांतच नौका पाण्याखाली गेली. वाचले ते ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक.

खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले, जमेल तितक्यांना नौकेबाहेर काढले आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना. स्वतंत्र भारतीय नौदलाने लढाईत गमावलेली युद्धनौका म्हणूनही खुकरीचेच नाव घ्यावे लागते.

स्मारकाचे उद्घाटन नौदलाच्या पश्चिम विभागाचे तत्कालीन प्रमुख व्हाइस अॅडमिरल माधवेंद्र सिंग यांच्या हस्ते झाले. सूर्यास्त पाहायला इथे बरीच गर्दी होते. पण मावळतीचे ऊन काचेवर आले की प्रतिकृतीऐवजी आकाश आणि स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा नौका नीट न्याहाळायची तर सकाळी यावे. तोफा कुठे, नौका हाकण्याचा कक्ष कुठे, इतक्या अरुंद नौकेत अडीचशेहून अधिक माणसे कशी मावत असतील, हे तेव्हा उमगते.

पर्यटकांचा इथे एक घोळ होतो. दीवमध्ये 'खुकरी' नावाची दुसरी, खरीखुरी युद्धनौकाही आहे. ती बुडालेली खुकरी वर काढून आणलेली नव्हे. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली ही कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान वर्गातली युद्धनौका, १९८९ मध्ये नौदलात दाखल झाली. बुडालेल्या किंवा निवृत्त झालेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला देण्याची नौदलात प्रथा आहे, त्यानुसार तिचे नाव ठेवले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणम येथे ती सेवानिवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. स्मारकातील प्रतिकृती मात्र पहिल्या खुकरीची आहे.

हंगोर पाणबुडी २००६ मध्ये निवृत्त झाली. तीही आज कराचीच्या सागरी संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे आणि ९ डिसेंबर हा दिवस पाकिस्तानी नौदल तिच्या नावाने पाळते.