मधुमेह आणि आयुर्मान : सव्वाशे वर्षांचा बदलता हिशेब

मधुमेहामुळे आयुष्याची किती वर्षे कमी होतात, असे आज विचारले जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा हिशेब उलट बाजूने मांडला जाई, कारण निदानानंतर हाती किती काळ उरला, एवढेच तेव्हा सांगण्यासारखे असे. बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी रुग्णांच्या नोंदी अनेक दशके चिकाटीने ठेवल्या आणि पुढे एका मोठ्या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांतून आयुर्मानाची कोष्टके तयार केली. त्यांनुसार १८९७च्या सुमारास निदान झालेले दहा वर्षांचे मूल सरासरी वर्षभर, तिशीतील रुग्ण चार वर्षे आणि पन्नाशीतील रुग्ण आठ वर्षे जगत असे. निम्म्याहून अधिक मृत्यू मधुमेहजन्य बेशुद्धीत होत.

उपचार म्हणून हाताशी होती ती उपासमार. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा अत्यल्प आहार रोग्याला काही महिने, क्वचित काही वर्षे मिळवून देई. पण त्यात मुलांच्या शरीराचा अक्षरशः सांगाडा होत असे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. ते फारसे लागू पडले नाही. मात्र रसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेल्या स्वादुपिंडाच्या अर्काने बारा दिवसांनंतर रक्तातील साखर उतरली. थॉम्पसन आणखी तेरा वर्षे जगला. त्याच वर्षी इन्सुलिन सुरू झालेली एलिझाबेथ ह्यूज, जिचे वजन ॲलन यांच्या आहारावर जेमतेम वीस किलोपर्यंत घटले होते, ती १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली.

बेशुद्धी टळली, पण आयुर्मान पूर्ववत झाले नाही. विसाच्या दशकात वाचलेली मुले पंधरा-वीस वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दवाखान्यात परतू लागली. याच काळात, १९३६ साली, किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेही मूत्रपिंडातील विशिष्ट विकृतीचे वर्णन केले होते. प्रौढांमध्ये हृदयविकार हे मृत्यूचे मुख्य कारण ठरत असल्याचे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीतून सत्तरच्या दशकात पुरेसे स्पष्ट झाले. तरीही सुधारणा होतच राहिली. पिट्सबर्ग येथील बालवयात निदान झालेल्या रुग्णांपैकी १९५० ते १९६४ या काळातील गटाचे आयुर्मान सुमारे ५३ वर्षे, तर १९६५ ते १९८० मधील गटाचे सुमारे ६९ वर्षे भरले. एका पिढीच्या आत पडलेला हा सुमारे पंधरा वर्षांचा फरक, माझ्या मते, इन्सुलिनच्या शोधाइतकाच लक्षणीय आहे. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

साखर काटेकोर ठेवल्याने आयुष्य वाढते का, याचे उत्तर बरेच उशिरा आणि काहीसे वाकडेतिकडे मिळाले. १९९३ साली अमेरिकेतील चाचणीने पहिल्या प्रकारच्या (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा) मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी कमी होते हे सिद्ध केले. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. पण मृत्यू घटल्याचे तिथे आणखी दहा वर्षांनी दिसले, तेही काटेकोर आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या दोन्ही गटांतील साखरेचा फरक पुसला गेल्यावर. नेमक्या त्याच २००८ साली, दहा हजारांवर रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत साखर जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. हे रुग्ण वयस्क, जुना मधुमेह असलेले आणि हृदयविकाराचा धोका अधिक असलेले होते, ही बाब येथे दुर्लक्षून चालत नाही.

आजचा हिशेब मुख्यतः निदानाच्या वयावर बेतलेला आहे. श्रीमंत देशांतील लाखो लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२३ च्या विश्लेषणानुसार, अमेरिकेतील मृत्युदर धरले तर तिशीत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झालेला माणूस पन्नाशीपुढे मधुमेह नसलेल्या समवयस्कापेक्षा सरासरी १४ वर्षे आधी मरण पावतो. चाळिशीत निदान झाल्यास १० आणि पन्नाशीत झाल्यास ६ वर्षे आधी. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दशकभर आधी आणि कमी वजनाच्या माणसांनाही गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास करून त्यामागचा एक दुवा दाखवला : इथली बाळे जन्मतः हलकी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला असल्याने, वरच्या विश्लेषणातील तिशी-चाळिशीचे आकडे आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांना लागू होण्याची शक्यता आहे.